रामटेक्यांची सरकती हद्द

"वहिनी, खुर्ची जरा अलीकडे ओढून घ्या. मागचे दोन पाय बँकेत गेलेत."

समोरच्या फ्लॅटमध्ये नव्याने राहायला आलेल्या मनोहर रामटेके या गृहस्थांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी खाली पाहिलं. हॉलच्या फरशीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वायरीला गुंडाळतात तसली लाल चिकटपट्टी सरळ रेषेत मारलेली होती. पट्टीच्या अलीकडे, म्हणजे दाराच्या बाजूला, प्लास्टिकच्या खुर्च्या, चपलांचा स्टँड, एक लोखंडी खाट आणि त्या खाटेवर अंग चोरून बसलेली त्यांची आई. पट्टीच्या पलीकडे लखलखीत, ओसाड हॉल. तिथे एक स्टूलसुद्धा नव्हतं.

"इथवर आपली हद्द," रामटेके समजावून सांगू लागले. "तिकडची बँकेची. डाउन पेमेंटमध्ये एवढीच सुटली. जसजसं कर्ज फिटेल तसतशी पट्टी पुढं सरकवायची. आईच्या डोळ्यांदेखत तिला शेवटच्या भिंतीला टेकवायचीय."

मी खुर्ची ओढून घेतली. दुसरं काय करणार? मी मूळची पुण्याच्या दुसऱ्या टोकाची, कर्वेनगरची. आमच्याकडची माणसं विश्रांतवाडीला यायचं म्हणजे दोन वेळचा डबा घेऊन निघतात. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा आई म्हणाली होती की तिकडे सगळ्या प्रकारची माणसं भेटतील. तिच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते मला माहीत नाही, पण रामटेके नक्कीच नव्हते.

माणूस भंडाऱ्याकडचा. उंच, काटकुळा, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मोजायची टेप. नोकरी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि कामही असं की दुसऱ्याने खपून लिहिलेला प्रोग्रॅम घ्यायचा आणि तो कुठे मोडतो ते शोधून दाखवायचं. याचा पगार मिळतो हे आमच्या ह्यांना अजूनही पटलेलं नाही. आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी. ते म्हणतात, "सोसायटीत हे काम सगळेच करतात, आणि तेही फुकट."

रामटेक्यांचा हिशेब सोपा होता. फ्लॅटची किंमत भागिले फ्लॅटचे चौरस फूट, म्हणजे फूटभराच्या एका फरशीची किंमत. जेवढं मुद्दल फिटेल तेवढ्या फरश्या आपल्या. गोम एवढीच की सुरुवातीची वर्षं हप्ता जवळपास सगळा व्याजातच जातो. त्यामुळे दर महिन्याला पगारातून घसघशीत पैसे जायचे आणि पट्टी हलायची बोटभर. रामटेके तिच्यासमोर उकिडवे बसायचे, टेप लावायचे आणि म्हणायचे, "बाप्पा! एवढ्यात तर मांजरही बसणार नाही."

मग त्यांनी ठरवलं की हप्त्याच्या वर जमेल तेवढं भरायचं. दिवाळीचा बोनस बँकेत. ओव्हरटाइम बँकेत. त्यांच्या कंपनीतल्या पोरांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या, गोव्याच्या सहली केल्या, बायकांना वाढदिवसाला मोबाइल दिले. रामटेके आपली किक मारून मारून घामाघूम करणारी जुनी स्कूटर चालवत राहिले. कोणी हटकलंच तर म्हणायचे, "गाडी कुठं लावू? पार्किंग अजून बँकेचं आहे." पण वरची रक्कम भरून आले की दार उघडं टाकून आधी माझी बेल वाजवायचे आणि एकच शब्द उच्चारायचे, "सरकली!" आपल्याला मुलगा झाल्याचं सांगतानासुद्धा माणसं एवढी फुलत नाहीत.

हद्दीचे कायदे मात्र कडक होते. बँकेच्या भागात खिळा ठोकायचा नाही. म्हणून बुद्धाची तसबीर पहिले कितीतरी महिने चपलांच्या स्टँडपासून लांब, खाटेच्या उशालगत एका डब्यावर टेकवून ठेवलेली होती. हॉलची मोठी भिंत सुटली त्या रविवारी ती समारंभाने वर चढली, आणि एका खिळ्यासाठी आम्हा शेजाऱ्यांना खीर मिळाली. भांडण आपल्या हद्दीत करायचं नाही, बँकेत जाऊन करायचं. रामटेक्यांना जुळ्या मुली, एक मैत्री आणि एक करुणा. दोघींमध्ये या दोन्हींचा मागमूस नव्हता. त्या रोज एकमेकींच्या झिंज्या धरत बँकेत जायच्या.

"बाबा, करुणानं मला मारलं!" अशी तक्रार आली की रामटेके कामाच्या सवयीने विचारायचे, "कसं मारलं? परत करून दाखव." आणि करुणा लगेच परत करून दाखवायची.

त्यांची बायको शालिनी. सरकारी रुग्णालयात परिचारिका, ठसठशीत आणि बोलायला चटपटीत. स्वयंपाकघर सुटायला बराच काळ लागला, तेव्हा ती मला म्हणायची, "बघा ना हो वहिनी, पोळ्या लाटायच्या बँकेत आणि खायच्या घरात. रोज कॅश काढल्यासारख्या बाहेर आणते." पुढे पट्टी बेडरूममध्ये शिरली आणि पलंगाच्या बरोबर मधून गेली. नवऱ्याची बाजू बँकेत राहिली. शालिनीने त्यांना बजावलं, "घोरायचं ते तिकडे बँकेत घोरा. आमच्याकडे नको."

पण हसण्याचे हे क्षण उपसून काढावे लागत. एरवी ते घर म्हणजे नुसती धावपळ. शालिनीची पाळी दर आठवड्याला बदलणार, रामटेक्यांची कंपनीची बस कधी वेळेवर येणार नाही, मुलींपैकी एकीचा ताप उतरला की दुसरीचा चढणार, आजींचे गुडघे, आजींच्या बीपीच्या गोळ्या. नवराबायकोला एकत्र उभं राहिलेलं मी पाहिलं ते बहुतेक वेळा सोसायटीच्या गेटपाशी. ते बसमधून उतरत असायचे आणि ती निघालेली. तिथल्या तिथे स्कूटरची किल्ली, गृहपाठाची खबर आणि आजींना काय दिलं, काय द्यायचं राहिलं, यांची देवाणघेवाण व्हायची. एकदा रामटेके झोपेने इतके पेंगुळले होते की किल्ली हातात देताना बायकोला म्हणाले, "थँक्यू, सिस्टर." शालिनीने शांतपणे विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी ज्या शाळेत शिकवते तिथेच त्यांच्या मुली. पालकसभेला रामटेके आवर्जून येत आणि पहिल्या बाकावर बसून गाढ झोपत. एकदा मुख्याध्यापिकाबाईंनी शेवटी विचारलं, "कोणाला काही शंका?" तर रामटेके दचकून उभे राहिले आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाले की हा प्रॉब्लेम आमच्या साइडचा नाही. बाई बिचाऱ्या शौचालयांच्या स्वच्छतेबद्दल बोलत होत्या.

मग आयटीत मंदी आली. गाड्यावाल्यांचे चेहरे उतरले. रामटेक्यांच्या शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं एका दुपारी खोकी घेऊन घरी गेली. त्यांची नोकरी राहिली, पण बोनस गेला, पगारवाढ गेली आणि वर व्याजाचा दर वाढला. पट्टी पलंगाखाली अडकून बसली. माझी बेल वाजेनाशी झाली. जिन्यात भेटले तर मान खाली घालून जात, आणि मला, जिला त्या पट्टीची थट्टा केल्याशिवाय चहा गोड लागत नसे, थट्टा सुचेना.

त्याच सुमारास शालिनीला वेतन आयोगाचा फरक मिळाला. सगळ्या नर्सेसनी बांगड्या केल्या. ही ड्यूटी संपवून तशीच बँकेत गेली, पूर्ण रक्कम भरली, घरी येऊन पलंग ओढून बाजूला केला आणि स्वतःच्या हाताने पट्टी उचकटून पार खिडकीपाशी नेऊन चिकटवली. माझी बेल तिनेच वाजवली. पांढरा युनिफॉर्म, विस्कटलेले केस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि ओरडली, "वहिनी, सरकली! आणि ह्यांच्यापेक्षा सरळ लावलीय, येऊन बघा!" मी पाहिली. जरा तिरकीच होती. पण मला त्या बाईचा असा काही अभिमान वाटला की मी तसं बोलले नाही, आणि न बोलणं हे माझ्या स्वभावात नाही.

या सगळ्यात मला एकच गोष्ट खटकायची, ती म्हणजे आजी. दारालगतच्या त्या पहिल्या चिंचोळ्या पट्ट्यातून त्या हलायच्या नाहीत. हॉल सुटला तरी भिंतीकडेने चालायच्या. पलीकडच्या बाल्कनीत छान ऊन यायचं, पण तिथे सांडगे घालायचे तर "मनोहरले इचारून सांगतो" म्हणायच्या. एक दिवस मी रामटेक्यांना जिन्यातच धरलं.

"अहो रामटेके, खेळ म्हणून ठीक आहे. पण त्या पट्टीला तुमची आई घाबरते. म्हाताऱ्या माणसाला कशाला हा जाच?"

त्यांनी स्कूटरवरून आणलेली भाजीची पिशवी पायरीवर ठेवली.

"वहिनी, पट्टी तिच्यासाठीच आहे," ते म्हणाले. "तिचा अख्खा जन्म दुसऱ्याच्या खोल्यांत गेला. आडनाव कळलं की मालकाला अचानक खोलीची गरज पडायची. मग गाडगी-मडकी डोक्यावर. तिला इथं आणली, तर पहिल्याच दिवशी विचारते, 'मालक कुठं रायते?' म्हटलं, मीच मालक. हसली. विश्वासच नाही बसला. मग कर्ज समजावून सांगायला गेलो, तर म्हणते, म्हंजे बँक मालक झाली ना! तिचं काय चुकलं, सांगा? मला खोटं नाही बोलता येत तिच्याशी. आणि तिला लिहिता-वाचता येत नाही, बँकेचे कागद दाखवून उपयोग नाही. फरश्या मात्र मोजता येतात. मी ऑफिसला गेलो की ती रोज मोजते."

पिशवी उचलून ते वर गेले. मी जिन्यात उभी राहिले. त्या माणसाला इतकी वर्षं सोसायटीत चिक्कू, विक्षिप्त, हद्दवाले अशी नावं पडली होती, आणि तो आपला आईला वाचता येईल अशा अक्षरात घर लिहून दाखवत होता.

अखेर पट्टी बाल्कनीच्या कठड्याला टेकली. आम्हा सगळ्यांना पेढे मिळाले. रामटेके रजा घेऊन बँकेत गेले, ते चेहरा पाडून परत आले. कर्ज फिटलेलं नव्हतं. थोडंथोडकं नाही, चांगलं चौथाई शिल्लक होतं.

घोटाळा कुठे झाला ते आमच्या ह्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. रामटेक्यांनी किमतीला भागलं होतं ते बिल्डरच्या माहितीपत्रकावरच्या चौरस फुटांनी. आणि पुण्यातला बिल्डर चौरस फूट सांगतो त्यात जिना येतो, लिफ्ट येते, लिफ्टसमोरची जागा येते, वरची पाण्याची टाकीही येते. दाराच्या आत येतं ते उरलंसुरलं. म्हणजे घरातल्या फरश्या संपल्या तरी रामटेक्यांचा जिना फेडायचा राहिला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका हुडकणाऱ्या माणसाची स्वतःची चूक इतकी वर्षं पायाखाली होती आणि त्याला दिसली नव्हती. मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं.

शालिनी म्हणाली, "आईंना काही सांगू नका. त्यांना कशाला कळतंय? आता कुठे बाल्कनीत जाऊ लागल्यात."

"नाही," रामटेके म्हणाले. "लपवून दिलेलं घर कसलं द्यायचं?"

त्यांनी आजींना खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. मीही तिथेच होते. जायला हवं होतं, पण पाय निघेना. घर आपलं झालं, पण जिना, लिफ्ट, पार्किंग यांतला आपला हिस्सा अजून फिटायचाय. आजी ऐकत होत्या. मला वाटलं, म्हातारी आता पुन्हा दाराजवळच्या खाटेवर जाऊन बसणार.

"थांब थांब," आजी म्हणाल्या. "म्हंजे पायऱ्याइतबी आपला हिस्सा हाय?"

"हो ना माय. पण अजून फिटला नाही."

"फिटन. पण हिस्सा हाय?" त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, त्या जैस्वालच्या वाड्यात मी पायरीवर बसली तं त्याच्या बायकोनं पाणी टाकून धुतली होती पायरी. अन् इथं पायऱ्याइचे पैसे भरून रायला माहा पोरगा!"

रामटेके जी बातमी मान खाली घालून सांगत होते, ती त्या माउलीने पेढ्यांपेक्षा मोठी ठरवली. शालिनीने पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी आमच्या तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर, कोपऱ्यात, लाल पट्टी चिकटलेली होती.

यावरून सोसायटीची खास सभा झाली. पहिल्या मजल्यावरचे बापट हे आमचे तक्रारींचे कायमस्वरूपी मानकरी. ते उभे राहून म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, जिन्यातला माझा हिस्साही दाखवून द्या. तेवढाच वापरीन म्हणतो. बाकीचा उडी मारून जाईन." हशा पिकला. रामटेके उठले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "बापटसाहेब, तुमचं कर्ज केव्हाच फिटलंय. तुम्ही कुठंही पाय ठेवा." बापट खाली बसले, आणि बापट इतक्या लवकर बसले अशी सभा आमच्या सोसायटीत पूर्वी झालेली नव्हती. कोणाचा पाय अडखळणार नाही अशा बेताने पट्टी कोपऱ्यात राहू द्यावी, असा ठराव झाला. आमच्या ह्यांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला.

पायऱ्या सुटायला आणखी काही वर्षं गेली. मुली उंच झाल्या आणि त्यांचे खर्चही. शालिनीची बढती झाली. रामटेक्यांचे केस गेले, स्कूटर गेली, पण महिन्याला वरची रक्कम जातच राहिली. ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी, एका शनिवारी, ते बँकेतून घराची मूळ कागदपत्रं घेऊन आले.

मी त्याच वेळी भाजी घेऊन गेटातून आत येत होते. रामटेके पार्किंगमध्ये उभे होते, कागदांची पिशवी छातीशी धरून. मी विचारणार, एवढ्यात वरून हाक आली.

"मनोहऱ्या! अरे मनोहऱ्या! जेवाले ये!"

मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या खिडकीशी, आजी सगळ्यात वरच्या पायरीवर ऐसपैस बसल्या होत्या आणि गजांतून खाली हाका मारत होत्या. आवाज असा की समोरच्या इमारतीतल्या कबुतरांनी जागा सोडली. रामटेके मात्र खांबाआड सरकले.

"अहो, आजी बोलावतायत. ओ द्या ना," मी म्हणाले.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "थांबा वहिनी. अजून एकदा मारू द्या."

"म्हणजे काय?"

"तिनं मला हाक मारलेली मी कधी ऐकली नाही हो," ते म्हणाले. मला पुढे झुकून ऐकावं लागलं. "मालक झोपले असतील, मालकीण चिडेल, म्हणून लहानपणी जेवायला बोलवायची ती अंगणात येऊन, खांद्याला हात लावून. बाकीच्या पोरांच्या आया ओरडायच्या. मला वाटायचं, माझीही एकदा ओरडली पाहिजे."

"मनोहऱ्याऽऽ! भात थंडा होऊन रायला ना रे!"

पहिल्या मजल्याचं दार उघडलं आणि बापट बाल्कनीत आले. आता हे काहीतरी कुजकं बोलणार म्हणून मी पदर खोचला. बापटांनी खांबाआडच्या रामटेक्यांकडे पाहिलं, त्यांचे डोळे पाहिले, हातातली पिशवी पाहिली. मग मान वर करून म्हणाले, "आजी, तो खालीच आहे. त्याला ऐकू येत नाहीये. जरा मोठ्याने मारा."

"मेल्या मनोहऱ्या, कान फुटले का तुये?"

रामटेके खांबाआडून बाहेर आले. भर पार्किंगमध्ये, ड्रायव्हर, वॉचमन, मी आणि बापट यांच्या देखत, गालांवरून पाणी वाहत असताना, तो पन्नाशीला आलेला माणूस वर तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडला, "आलो वं माय!"

आणि लिफ्ट उघडी उभी असताना जिन्याने धावत वर गेला.